‘होगन्स हीरोज’वरचा खरा आरोप

#इतिहास #दुसरे_महायुद्ध #धागा

१/ १७ सप्टेंबर १९६५ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर एका विनोदी मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. स्थळ : जर्मनीतील हॅमेलबुर्गजवळची युद्धकैद्यांची छावणी, ‘स्टालाग १३’. काळ : दुसरे महायुद्ध. मालिकेचे नाव ‘होगन्स हीरोज’. सहा पर्वे आणि १६८ भाग झाल्यावर एप्रिल १९७१ मध्ये ती संपली. तिच्यावरचा खटला मात्र साठ वर्षे झाली तरी संपलेला नाही. या खटल्यात फिर्यादी आणि बचाव असे दोन्ही पक्ष हिरीरीने भांडतात, आणि मूळ गुन्ह्याकडे दोघांचेही लक्ष नाही.

२/ मालिका न पाहिलेल्यांसाठी कथानक थोडक्यात. अमेरिकी कर्नल होगन आणि त्याचे सोबती कैदेत आहेत खरे. पण बराकीखाली त्यांनी भुयारे खणली आहेत, बिनतारी संदेशयंत्रणा बसवली आहे. तेथून ते शत्रूचे पूल उडवतात, पाडलेल्या विमानांतील वैमानिकांना सुखरूप मायदेशी धाडतात. छावणीचा प्रमुख कर्नल क्लिंक गर्विष्ठ आणि मूर्ख. पहारेकरी सार्जंट शुल्ट्झ लठ्ठ, खादाड आणि मायाळू. डोळ्यांदेखत काहीही घडो, आपण काही पाहिले नाही, आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे त्याचे पालुपद.

३/ फिर्यादी पक्ष म्हणतो : छळछावणीवर विनोद करणे ही विकृती आहे. हा आरोप म्हणजे साप सोडून भुई धोपटणे. छळछावण्या एसएसच्या ताब्यात होत्या. युद्धकैद्यांच्या छावण्या जर्मन सैन्य चालवीत असे. ब्रिटिश आणि अमेरिकी कैद्यांना १९२९ च्या जिनिव्हा कराराचे संरक्षण होते. त्यांना पत्रे येत, रेडक्रॉसची अन्नाची खोकी मिळत, तटस्थ देशांचे प्रतिनिधी छावणीची पाहणी करीत. उपासमार, कडाका आणि शेवटच्या महिन्यांतील पायपीट त्यांनाही चुकली नाही; तरीही जर्मनांच्या कैदेतील या दोन राष्ट्रांच्या सैनिकांत मृत्यूचे प्रमाण शंभरात चारपर्यंतही पोहोचले नाही. ‘स्टालाग १३’ म्हणजे आउशवित्झ नव्हे.

४/ बचाव पक्षाचा हुकमी एक्का म्हणजे नटमंडळी. क्लिंकची भूमिका करणारा वेर्नर क्लेम्पेरर हा विख्यात संगीतसंचालक ओटो क्लेम्पेरर यांचा मुलगा. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये या ज्यू कुटुंबाने जर्मनी सोडला. शुल्ट्झ झालेला जॉन बॅनर हाही ज्यू. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरने गिळला तेव्हा तो स्वित्झर्लंडमध्ये होता, म्हणून वाचला; मागे राहिलेले त्याचे आप्त वाचले नाहीत. जनरल बुर्खाल्टर साकारणाऱ्या लिओन आस्किनचे आईवडील ट्रेब्लिन्का येथे मारले गेले. क्लेम्पेररने तर अटच घातली होती की क्लिंकचा विजय कधीही दाखवता कामा नये.

५/ आणि लेबो, तो ठेंगणा फ्रेंच कॉर्पोरल? तो रंगवणारा रॉबर्ट क्लारी पॅरिसमधील ज्यू कुटुंबातला. १९४२ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याला पकडून नेले. त्याच्या हातावर ए-५७१४ हा क्रमांक गोंदला गेला. ११ एप्रिल १९४५ रोजी बुखेनवाल्ड मुक्त झाले तेव्हा तो तेथे जिवंत होता. त्याच्या घरातील बारा माणसे परतली नाहीत. अशा माणसाने नाझींची टर उडवली, तर त्याला औचित्याचे धडे देण्याचा अधिकार कोणाला?

६/ कोणालाही नाही. पण बचाव पक्ष येथेच गफलत करतो. हसण्याचा क्लारीचा हक्क आणि मालिकेने रंगवलेला इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निर्विवाद असली म्हणून दुसरी आपोआप खरी ठरत नाही. नटाचे दुःख हे पटकथेचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. स्वतः क्लारीनेही आपल्या गोंदणाची ढाल पुढे केली नव्हती; त्याचा युक्तिवाद वेगळाच होता. युद्धकैद्यांची छावणी आणि छळछावणी यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, असे तो सांगे.

७/ लेबोच्या बाबतीत क्लारीचे म्हणणे खरे आहे. होगनच्या, न्यूकर्कच्या, कार्टरच्या बाबतीतही बव्हंशी खरे आहे. पण मालिकेच्या पहिल्या भागात, जो एकच भाग कृष्णधवल आहे, बराकीत आणखी एक कैदी दिसतो. त्याचे नाव व्लादिमिर मिन्स्क. तो सोव्हिएत सैनिक आहे. दुसऱ्या भागापासून तो नाहीसा होतो. तो कोठे गेला, हे मालिका सांगत नाही आणि कोणी विचारीतही नाही.

८/ पडद्यामागचे कारण साधे होते. मिन्स्क झालेला लिओनिद किन्स्की (‘कासाब्लांका’ चित्रपटातील साशा तो हाच) सेंट पीटर्सबर्गचा. नाझी गणवेश चढवलेले नट समोर पाहून त्याला लक्षावधी मृतांची आठवण झाली, या विषयावर हसणे त्याला जमेना, आणि चालून आलेल्या मानधनावर पाणी सोडून तो बाहेर पडला. निर्मात्यांनी त्याच्या जागी दुसरा सोव्हिएत कैदी आणला नाही. नियमित पात्रांतली ती जागा रिकामीच राहिली. पुढे सोव्हिएत बाजूची लक्षात राहणारी व्यक्तिरेखा आली ती मारिया नावाच्या मोहक हेराची. हेरगिरी करणारी सुंदरी चालली. कैदी चालला नाही.

९/ आता पडद्यावरून खऱ्या हॅमेलबुर्गकडे वळू. बव्हेरियाच्या उत्तरेकडील या गावाबाहेर जुने लष्करी प्रशिक्षणक्षेत्र आहे. महायुद्धात तेथे एक नव्हे, अनेक छावण्या होत्या. ‘स्टालाग १३-सी’ साध्या सैनिकांसाठी. ‘ओफ्लाग १३-बी’ अधिकाऱ्यांसाठी : तेथे युगोस्लाव्ह अधिकारी होते आणि १९४५ च्या आरंभी अमेरिकी अधिकारीही आले. त्यांत जनरल पॅटनचा जावई जॉन वॉटर्स होता. मार्च १९४५ च्या अखेरीस पॅटनने सुमारे ३०० जणांची तुकडी शत्रूच्या मुलुखात खोलवर धाडली. ती मोहीम पार फसली. अमेरिकेला हॅमेलबुर्ग आठवते ते या प्रकरणामुळे.

१०/ त्याच प्रशिक्षणक्षेत्रावर तिसरी छावणी होती : ‘ओफ्लाग १३-डी’, सोव्हिएत अधिकाऱ्यांची. स्टालिनचा मुलगा याकोव्ह काही काळ येथे होता. जनरल दिमित्री कार्बिशेव्ह येथे होते; ते फेब्रुवारी १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मरण पावले. १९४१ च्या शरदात गेस्टापोची पथके या छावणीत येऊन कैद्यांची छाननी करू लागली. राजकीय अधिकारी, ज्यू, शिकलेली माणसे अशी नावे बाजूला काढली जात. मग सैन्य त्यांचा युद्धकैदी हा दर्जा काढून घेई आणि त्यांना गेस्टापोच्या हवाली करी.

११/ निवडलेल्यांना डाखाऊला नेत. जवळच हेबर्ट्सहाउझेन येथे एसएसचे नेमबाजीच्या सरावाचे मैदान होते. १९४१ च्या शरदापासून १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या मैदानावर ४,००० हून अधिक सोव्हिएत युद्धकैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हॅमेलबुर्गहून नेलेले अधिकारी त्यांत होते. मिन्स्क खरोखर असता आणि खरोखर हॅमेलबुर्गला पोहोचला असता, तर त्याच्यासाठी भुयार नव्हते. होते ते हे मैदान, नाहीतर भूक आणि टायफस.

१२/ हा अपवाद नव्हता. जर्मनांनी सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले. प्रचलित अंदाजानुसार त्यांतले सुमारे ३३ लाख कैदेत मेले. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यांपैकी सुमारे २० लाख तर फेब्रुवारी १९४२ पर्यंतच संपले होते. काटेरी तारांनी वेढलेली उघडी मैदाने, डोक्यावर छप्पर नाही, अन्न नावापुरते. छळछावणी आणि युद्धकैद्यांची छावणी यांतले अंतर लेबोसाठी जमीनअस्मानाचे होते. मिन्स्कसाठी ते जवळजवळ उरलेच नव्हते.

१३/ येथे हमखास पुढे येणारी सबब अशी : सोव्हिएत संघाने युद्धकैद्यांविषयीचा १९२९ चा करार मान्य केला नव्हता, मग संरक्षण कसले? ही सबब त्या काळीही खोडली गेली होती, आणि तीही जर्मन सैन्याच्या आतूनच. सप्टेंबर १९४१ मध्ये लष्करी गुप्तचर खात्याचे प्रमुख ॲडमिरल कानारिस यांनी लेखी हरकत घेतली : करार नसला तरी निःशस्त्र माणसाला मारू नये, हा युद्धाचा सर्वमान्य दंडक आहे. फील्ड मार्शल कायटेल यांनी ती फेटाळली. असल्या शंका शौर्याच्या जुन्या कल्पनांतून येतात आणि येथे तर एका विचारसरणीचा नायनाट करायचा आहे, असा त्यांच्या शेऱ्याचा आशय होता.

१४/ दुसरी सबब टंचाईची : युद्धात सगळ्यांनाच अन्न कमी पडते. तिला उत्तर देण्यासाठी भारतीय कैद्यांकडे पाहावे. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले तेव्हा शरण गेलेल्या सैन्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारो भारतीय जवान इटलीतील आणि पुढे जर्मनांच्या छावण्यांत खितपत पडले. त्यांचेही हाल झाले. पण त्यांच्यासाठी डाळ-तांदळाची खोकी लंडनहून भरून रेडक्रॉसमार्फत जात, आणि जर्मन सैन्य ती पोहोचू देई. ११ मे १९४४ रोजी फ्रान्समधील एपिनाल येथील छावणीवर अमेरिकी बाँब पडले. त्या गोंधळात निसटलेल्या भारतीय कैद्यांपैकी सुमारे ५०० जण स्वित्झर्लंडला पोहोचले. चालत जाण्याइतके त्राण त्यांच्या अंगात होते.

१५/ नाझी वंशवादाच्या उतरंडीत भारतीय जवान काही वरच्या पायरीवर नव्हता. तरीही तो जगू शकला, कारण त्याच्यामागे करार होता, आणि आपल्या हाती सापडलेल्या जर्मन कैद्यांचे काय होईल याचा धाक ब्रिटन दाखवू शकत होते. तेच सैन्य, त्याच छावण्यांचा कारभार, तेच युद्ध. एका कैद्याला पार्सल आणि दुसऱ्याला खंदक. त्यामुळे सोव्हिएत कैद्यांची उपासमार ही केवळ युद्धाची आपत्ती ठरत नाही. ते ठरवून राबवलेले धोरण होते.

१६/ हे धोरण राबवले कोणी? मालिकेवरचा खरा आरोप येथे सुरू होतो. ‘होगन्स हीरोज’च्या जगात दुष्टपणाची मक्तेदारी गेस्टापोकडे आहे. काळ्या गणवेशातला मेजर होखश्टेटर तेवढा धोकादायक. सैन्याचे अधिकारी म्हणजे बावळट, भित्रे, सुखलोलुप आणि मुळात निरुपद्रवी. पण ३३ लाखांपैकी बहुसंख्य माणसे गेस्टापोच्या तळघरात मेली नाहीत. ती सैन्याच्या ताब्यात, सैन्याच्या छावण्यांत, सैन्याने ठरवलेल्या शिध्यावर मेली. गेस्टापोला फाटक उघडून देणारा हातही सैन्याचाच होता. म्हणजे पदाने पाहिले तर तो हात क्लिंकचा आणि शुल्ट्झचा.

१७/ आता मालिकेतला सर्वांत जुना, पुन्हा पुन्हा वापरलेला विनोद आठवा. क्लिंक चुकला, शुल्ट्झ चुकला, की वरिष्ठ धमकी देतात : रशियन आघाडीवर पाठवीन! दोघांची गाळण उडते, प्रेक्षक खदखदून हसतात. या विनोदात पूर्व आघाडी म्हणजे काय? बर्फ, थंडी आणि बिचाऱ्या जर्मन सैनिकाचे दुर्दैव. जेथे सुमारे २ कोटी ७० लाख सोव्हिएत नागरिक आणि सैनिक मेले, ती भूमी येथे केवळ जर्मनांच्या हालअपेष्टांची जागा होऊन बसते. आक्रमण करणाराच दयेस पात्र ठरतो. आक्रमण सोसणारा कोठे दिसत नाही. मिन्स्क केव्हाच निघून गेला आहे.

१८/ शुल्ट्झचे पालुपदही या उजेडात ऐकावे. मालिका सुरू होण्याच्या महिनाभर आधी, १९ व २० ऑगस्ट १९६५ रोजी, फ्रँकफुर्टमध्ये आउशवित्झ खटल्याचा निकाल लागला. सुमारे वीस महिने त्या न्यायालयात एकामागून एक आरोपी सांगत होते : ठाऊक नव्हते, आठवत नाही, आपला संबंध नव्हता. युद्धोत्तर जर्मनीचे ते राष्ट्रीय पालुपदच होते. फ्रँकफुर्टमध्ये जे ऐकून अंगावर काटा येत होता, ते हॉलिवूडमध्ये एका गोड लठ्ठ माणसाच्या तोंडी घातले गेले आणि लोकांना ते आवडले. डोळ्यांवर कातडे ओढणे हा गुन्हा न राहता गमतीदार स्वभावविशेष झाला.

१९/ वास्तविक ठाऊक सगळ्यांना होते. युद्धकैद्यांच्या कारभारात काम करणारा म्युनिक विभागातील मेजर मायनेल याने गेस्टापोच्या या निवडीला हरकत घेतली होती. त्यावरून झालेला पत्रव्यवहार पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून आला. मायनेलची पदावरून बदली झाली. या एका माणसाच्या हरकतीतून दोन गोष्टी सिद्ध होतात. छावण्यांच्या कचेऱ्यांना काय चालले आहे ते माहीत होते. आणि नाही म्हणण्याची वाट अरुंद असली तरी बंद नव्हती. बाकीच्यांनी शुल्ट्झ होणे पसंत केले.

२०/ येथे बॅनरवर अन्याय होऊ नये. शुल्ट्झ हा नाझी नाही, कोणत्याही काळात टिकून राहणाऱ्या माणुसकीचा तो प्रतिनिधी आहे, अशी त्याची धारणा होती. आप्त गमावलेल्या माणसाला जर्मनीत एखादा तरी भला शिपाई असावासा वाटला, तर ते समजण्यासारखे आहे. पण निर्मात्यांची आणि वाहिनीची गरज वेगळी होती. पश्चिम जर्मनी १९५५ मध्ये नाटोत दाखल झाला होता. नव्या जर्मन सैन्याची पायदळ प्रशाला १९५६ पासून चक्क हॅमेलबुर्गलाच होती. सोव्हिएत संघ आता शत्रू होता. अशा वेळी भोळा जर्मन सैनिक सोयीचा होता आणि मेलेला रशियन कैदी गैरसोयीचा.

२१/ ‘अहो, विनोदी मालिकाच ती, तिच्याकडून इतिहास कशाला मागता?’ हा आक्षेप ऐकू येईलच. याचे उत्तर चॅप्लिनने १९४० मध्ये देऊन ठेवले आहे. ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये हिटलरची यथेच्छ टिंगल आहे, पण त्याच चित्रपटात ज्यू वस्ती आहे, दुकानांच्या काचा आहेत, त्यांवर रंग फासणारे गुंड आहेत. हसवताना चॅप्लिनने बळी पुसून टाकला नाही. पुढे छावण्यांचे संपूर्ण सत्य कळल्यावर, ते आधी ठाऊक असते तर हा चित्रपट केलाच नसता, असे त्याने लिहिले. १९४० मध्ये चॅप्लिनला जे ठाऊक नव्हते ते १९६५ मध्ये सर्वांना ठाऊक होते.

२२/ या सोयीस्कर विस्मरणाचा शेवटचा अंक जर्मनीतच घडला. १९९० च्या दशकात मालिका तेथे आली. पहिले भाषांतर पडले, मग क्लिंकच्या तोंडी सॅक्सन बोली आणि शुल्ट्झच्या तोंडी बव्हेरियन बोली घालून संवाद नव्याने रचले, तेव्हा ती लोकप्रिय झाली. त्याच दशकात, मार्च १९९५ मध्ये, हांबुर्ग येथे जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवरचे प्रदर्शन उघडले आणि देशभर वादळ उठले. काही छायाचित्रांखालील मजकुरात चुका निघाल्या, प्रदर्शन थांबवून ते नव्याने मांडावे लागले. मूळ निष्कर्ष मात्र ढळला नाही. दिवाणखान्यात शुल्ट्झवर हसणाऱ्या पिढीला, आपला आजोबा शुल्ट्झ नव्हता हे पचवणे जड गेले.

२३/ मग मालिकेवर बहिष्कार घालावा काय? मुळीच नाही. क्लेम्पेररचा क्लिंक आजही हसवतो; सत्तेचा फुगा टाचणीने फोडण्याची ती कला अस्सल आहे. पण समाजमाध्यमांवर तिचा एखादा तुकडा फिरताना दिसला, तर ‘छळछावणीची थट्टा’ म्हणून ओरडू नये आणि ‘नट ज्यू होते’ एवढे सांगून समाधानही मानू नये. दोन्ही प्रतिक्रिया आळशी आहेत. हॅमेलबुर्गमध्ये किती छावण्या होत्या आणि मालिकेने त्यांतली कोणती दाखवली, हा प्रश्न विचारावा.

२४/ पहिला भाग जरूर पाहावा. त्यात एक माणूस बराकीत इतरांसारखाच वावरतो, बोलतो, विनोदात सामील होतो. पुढचे १६७ भाग त्याच्याविना जातात. होगनला सगळे ठाऊक असते : शत्रूची खलबते, रेल्वेची वेळापत्रके, तिजोरीचे आकडे. मिन्स्कचे काय झाले, एवढे मात्र तो एकदाही विचारीत नाही. त्या एका बाबतीत होगनही शुल्ट्झच आहे, आणि न विचारता हसणारा प्रेक्षकही.

(धागा समाप्त)